गिरणगावच्या गर्भारणी आणि डॉ. ल्यूसी विल्स

तारनाक्याहून विद्यापीठाकडे जाताना राष्ट्रीय पोषण संस्थेचं आवार लागतं. आपल्यापैकी कित्येकजण वर्षानुवर्षं त्या फाटकावरून जातो, पण ही संस्था मूळची हैदराबादची नाही हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या डॉक्टरांनी ती सुरू केली. आपल्या गावात ती आली १९५८ साली. कुन्नूरच्या त्याच प्रयोगशाळेत १९२९ साली एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा-सात महिने एक इंग्रज बाई उंदीर पाळून बसल्या होत्या आणि मुंबईच्या गरीब बायका जे खातात तेच त्या उंदरांना खायला घालत होत्या. त्यांचं नाव डॉ. ल्यूसी विल्स. वैद्यकाच्या पुस्तकांत हे नाव मोठं आहे. आपल्या घरांत मात्र ते कुणी घेत नाही, आणि खरं तर त्यांच्या कामाशी सगळ्यात जवळचा संबंध आपल्या घरांचाच आहे.

माझ्या आजोळी माजघरात एक फोटो होता. आजीच्या थोरल्या बहिणीचा. नऊवारी, नाकात नथ, वय असेल वीस-बावीस. दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. काय झालं होतं असं विचारलं की आजी एवढंच सांगायची, की शेवटच्या दोन महिन्यांत ती पांढरी फटक पडत गेली, जिना चढताना धाप लागायची, पायांवर सूज आली आणि बाळंत होऊन आठवडा व्हायच्या आत संपली. दृष्ट लागली असं काहींनी म्हटलं, नशीब म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलं. त्या काळात असा फोटो नसलेलं घर विरळाच. विल्सबाईंनी नशीब हे उत्तर मानलं नाही, म्हणून त्यांची हकीकत सांगावीशी वाटते.

ल्यूसीचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराण्याचा कोयते, विळे अशा धारदार अवजारांचा कारखाना होता, आणि घरात विज्ञानाची आवड पिढीजात होती. भाऊ लेनर्ड पुढे भूशास्त्राचा प्राध्यापक झाला. ल्यूसी चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध मुलींच्या शाळेत शिकली आणि १९०७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. विषय वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र. १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज विद्यापीठ बायकांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. ही सुधारणा व्हायला १९४८ साल उजाडावं लागलं.

त्याच वर्षी वडील वारले, दोन वर्षांनी बहीण गेली. आईला घेऊन ती सिलोनला जाऊन आली, मग भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेली. पुढे काय करायचं हे नक्की नव्हतं. मनोविश्लेषणाची ओढ होती, फ्रॉइडची चर्चा तेव्हा नवी होती. इतक्यात १९१४ चं महायुद्ध सुरू झालं, केपटाउनमध्ये तिने काही काळ परिचारिकेचं काम केलं, आणि बहुधा तिथेच वाट ठरली. १९१५ च्या जानेवारीत तिने लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं.

या महाविद्यालयाशी आपलाही धागा आहे. लहानपणी झालेलं लग्न नाकारून ज्यांनी अख्खा हिंदुस्थान हलवला, त्या डॉ. रखमाबाई तिथेच शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या होत्या. तिथून बाहेर पडलेल्या कितीतरी डॉक्टरणी हिंदुस्थानात येत, कारण पुरुष डॉक्टरला हात लावू न देणाऱ्या बायका इथे लाखांनी होत्या. विल्सबाई १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या, पण दवाखाना काढला नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात रक्त, लघवी तपासण्याच्या विभागात त्या राहिल्या. गर्भारपणात शरीरातल्या रसायनांत काय फरक पडतो हा त्यांचा अभ्यासाचा विषय झाला.

इकडे डॉ. मार्गारेट बाल्फोर नावाच्या एक ज्येष्ठ डॉक्टरणी हिंदुस्थानात बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी चालवत होत्या. मुंबईत त्यांना एक विचित्र रक्तक्षय दिसत होता. गर्भारपणाच्या उत्तरार्धात तो सुरू होई, झपाट्याने वाढे आणि बाळंतपणाच्या आसपास बाईला घेऊन जाई. नुसत्या लोहाने तो बरा होत नव्हता. रक्ताचा जाणकार माणूस हवा होता. १९२८ साली विल्सबाईंना बोलावणं आलं आणि त्या मुंबईला, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या.

परळ म्हणजे तेव्हाचं भरगच्च गिरणगाव. हाफकिन इन्स्टिट्यूट ही जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या वाड्यात, आणि भोवताली भोंगे, धुराडी, चाळी. कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबं दहा बाय दहाच्या खोल्यांत राहत होती. बायकाही गिरणीत जात, परत आल्यावर चूल पेटवत. त्या वस्तीतल्या आणि मुंबईच्या इतर गरीब मोहल्ल्यांतल्या बायका हे विल्सबाईंचं कार्यक्षेत्र झालं.

हा आजार काय होता ते जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे अंगात रक्त नाही असं सरसकट म्हणतात, पण रक्त कमी होण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या पेशी उलट नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, मात्र संख्येने फारच थोड्या. पेशी वाढत होती पण विभागत नव्हती. असं मोठ्या पेशींचं रक्त तेव्हा एकाच रोगात ठाऊक होतं, तो म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या उतारवयातल्या माणसांना होणारा पर्निशस ॲनिमिया. त्यावर १९२६ साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज कलेजी खाऊ घालून गुण आणला होता, आणि सगळं वैद्यकविश्व कलेजीच्या मागे लागलं होतं. मुंबईच्या बायका तरुण होत्या, त्यांच्या जठराचा तो मूळ दोष नव्हता. मग त्यांच्या पेशी का फुगत होत्या?

काही जणांचा तर्क होता की हा जंतुसंसर्ग असावा. विल्सबाईंनी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग प्रयोगशाळेत बसून राहण्याऐवजी त्यांनी एक साधी गोष्ट केली. या बायका राहतात कशा, खातात काय, याची पाहणी केली. डॉ. एस. एन. तळपदे आणि डॉ. एम. एम. मेहता हे त्यांचे इथले सहकारी. तळपदे हे नाव त्या निबंधावर वाचताना मराठी माणसाला बरं वाटतं, आणि या सहकाऱ्यांविषयी आपल्याकडे कुणीच काही लिहिलं नाही याचं वाईटही वाटतं. गरीब घरातल्या गर्भार बाईला तिच्या भाषेत, तिच्या पद्धतीने, कालच्या दिवसात काय खाल्लंस हे विचारणं सोपं काम नाही. आपल्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं हे बाई सहजासहजी सांगत नाही.

पाहणीतून जे दिसलं ते स्पष्ट होतं. जिच्या जेवणात भाजी, फळं, दूध, मांस-मासे जवळजवळ नाहीत तिलाच हा रक्तक्षय गाठत होता. सगळ्यात वाईट अवस्था गरीब मुसलमान बायकांची होती. पडद्यामुळे बाहेर पडणं नाही, अंधाऱ्या खोल्या, आणि ताटातलं अन्न सगळ्यात निकस. वर्ग आणि जेवण बदललं की आजाराचं प्रमाण बदलत होतं. त्याच शहरात, त्याच हवेत, तेच पाणी पिणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या बायका वाचत होत्या.

आता हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी कुन्नूरचे उंदीर. विल्सबाईंनी उंदरांच्या माद्यांना मुंबईच्या त्या बायकांचा आहार दिला. माद्या आजारी पडल्या, मेल्या. त्याच आहारात यीस्ट घातलं तर तगल्या. निकाल चोख वाटत होता, पण मग ध्यानात आलं की उंदरांना उवा झाल्या होत्या आणि उवांमुळे पसरणाऱ्या एका जंतूनेही त्यांचं रक्त कमी होऊ शकत होतं. म्हणजे महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीवर शंकेचं सावट आलं. दुसऱ्या कुणी ही उवांची गोष्ट तळटीपेत ढकलून दिली असती. यांनी ती मान्य केली आणि पुढे माकडांवर तोच प्रयोग पहिल्यापासून केला.

मधल्या काळात खऱ्या रुग्णांचा प्रश्न तर उभाच होता. कलेजीने या बायकाही बऱ्या होत, हे विल्सबाईंनी पाहिलं होतं. पण कलेजीचा अर्क महाग, आणि ज्या देशात कित्येक घरांत मांस शिजतच नाही तिथे तो कुणाला आणि कसा देणार? म्हणून त्यांनी मार्माइट घेतलं. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडात बनणारा हा काळसर, चिकट पदार्थ. दिसायला काकवीसारखा, चवीला मात्र खारट-उग्र. इंग्रज लोक तो पावाला फासून खातात, आणि त्यांच्यातही तो न आवडणारे पुष्कळ आहेत. स्वस्त, आणि मांसाचा लवलेश नाही. विल्सबाईंनी तो मृत्यूच्या दारातल्या गर्भारणींना दिवसातून काही वेळा चमच्याने द्यायला सुरुवात केली.

काही दिवसांतच रक्तात नव्या कोवळ्या पेशी दिसू लागल्या. भूक परत आली, मग रंग. बायका उठून बसू लागल्या. १९३१ साली, म्हणजे मद्रासच्या बायकांच्या हॉस्पिटलातही काही काळ काम करून, त्यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. यीस्टमध्ये आणि कलेजीत काहीतरी आहे, जे या बायकांच्या ताटात नाही, आणि ते मिळालं की त्या जगतात, असा त्याचा सरळ अर्थ. ते काहीतरी म्हणजे नक्की काय, हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी त्याला भपकेबाज नाव दिलं नाही, आपलं तर नाहीच. लोकच पुढे त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले.

१९३३ पर्यंत त्यांचं इथलं काम चाललं आणि त्या लंडनला परतल्या. पुढच्याच वर्षी लालबागच्या राजाची प्रतिष्ठापना झाली. आज तिथे लाखोंची रांग लागते, तिथून हाकेच्या अंतरावर हे सगळं घडलं होतं हे रांगेतल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे!

प्रश्न अर्धा सुटला होता, त्यांना तो स्वस्थ बसू देईना. १९३७ साली त्या पुन्हा मुंबईला निघाल्या, या वेळी विमानाने. पाण्यावर उतरणारं ते विमान साउदम्पटनहून निघून मजल दरमजल करत काही दिवसांनी कराचीला पोचलं. या मुक्कामातून निघालेली गोष्ट फार महत्त्वाची होती. तोवर कलेजीचा अर्क अधिकाधिक शुद्ध मिळू लागला होता. हा शुद्ध अर्क पर्निशस ॲनिमियाच्या रोग्याला बरा करी, पण मुंबईच्या बायकांना त्याचा काहीच उपयोग होईना. साधा, कच्चा अर्क मात्र लागू पडे. म्हणजे कलेजीत एक नाही, दोन वेगळी द्रव्यं असली पाहिजेत, आणि शुद्ध करताना त्यातलं एक निघून जात होतं. १९३८ साली हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलं. शुद्ध अर्कात राहिलं ते बी-१२, जे १९४८ मध्ये हाती आलं. निघून गेलं ते फॉलिक ॲसिड.

फॉलिक ॲसिडला हे नाव १९४१ साली मिळालं. अमेरिकेत टेक्सस विद्यापीठात तीन शास्त्रज्ञांनी चार टन पालक गाळून त्यातून ते काढलं, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव ठेवलं. चार टन! आपल्या मोंढ्यात एवढा पालक एका दिवसात उतरला तर भाव कोसळेल. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार झालं ते लेडरली कंपनीत, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या शेजारचे, भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या रोगाने थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले होते, आणि त्या रोगावरच्या उपचारात फॉलिक ॲसिडचा मोठा वाटा आहे. परळच्या बायका आणि गोदावरीकाठचे हे भाऊ, दोघांचं दुखणं एकाच द्रव्याशी येऊन मिळालं.

पेशी विभागताना आतल्या वारशाच्या सूत्राची नक्कल करावी लागते. त्या कामाला फॉलिक ॲसिड लागतं. गर्भारपणात दोन जिवांच्या पेशी एकदम वाढत असतात, त्यामुळे गरज खूप वाढते. आईचा साठा आधीच तुटपुंजा असला तर तो सातव्या-आठव्या महिन्यात संपतो, नेमका तेव्हाच जेव्हा आजीची बहीण जिना चढताना थांबू लागली होती. पालेभाज्या, डाळी, कडधान्यं, संत्री, शेंगदाणे यांत ते असतं. भाजी फार वेळ शिजवून पाणी फेकून दिलं की बरंचसं पाण्याबरोबर जातं. आपल्या बायका अळू, अंबाडी, माठ, राजगिरा घालून ऋषिपंचमीची भाजी करत आल्या, ते वर्षातून एक दिवस. बाकीच्या दिवशी पुरुष आणि मुलं जेवून गेल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरे ते सुनेचं, मग ती गर्भार असो की नसो. आहाराच्या तक्त्यात ही रीत दिसत नाही.

शाकाहारी घरांसाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. बी-१२ वनस्पतींत नसतं, दूध-दह्यातून थोडंफार मिळतं. त्याच्या कमतरतेनेही पेशी अशाच मोठ्या होतात. अशा माणसाने परस्पर नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांकडून दोन्ही तपासून घ्यावीत. ही दोन द्रव्यं वेगळी आहेत, हे आपल्याला विल्सबाईंच्या दुसऱ्या मुंबई फेरीमुळेच कळायला लागलं.

दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलवर जर्मन उडता बॉम्ब पडला, माणसं दगावली, त्यांचा विभाग काही दिवस बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला. युद्ध संपताना त्या रोगनिदान विभागाच्या प्रमुख होत्या आणि रक्तविज्ञानाचा स्वतंत्र विभाग त्यांनी तिथे उभा केला. १९४७ साली निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. मोटारीऐवजी सायकलने कामावर जात, सुट्टीत बर्फावर भटकत. निवृत्तीनंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे जाऊन तिथल्या गरिबांच्या आहाराची आणि रक्ताची पाहणी करत राहिल्या. चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणून दहाएक वर्षं काम केलं. कलेजीच्या शोधाला १९३४ साली नोबेल मिळालं होतं, विल्सबाईंच्या वाट्याला तसं काही आलं नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी त्या वारल्या.

त्यांच्या मागे आणखी एक गोष्ट उघड झाली. फॉलिक ॲसिड कमी पडलं तर बाळाचा मणका आणि मेंदू नीट बंद न होण्याचा धोका वाढतो, असा संशय होता. १९९१ मध्ये सात देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ज्या बायकांना आधी असं मूल झालं होतं, त्यांनी दिवस राहण्यापूर्वीपासून ही गोळी घेतली तर तो धोका जवळजवळ तीन चतुर्थांशाने कमी होत होता. बाळाचा मणका पहिल्या महिन्यातच बंद होतो, बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. म्हणून आता डॉक्टर लग्न झालेल्या मुलींना आधीच ही गोळी सुरू करायला सांगतात.

भारत सरकारने १९७० पासून गर्भार बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या बावन्न गर्भार बायकांना रक्तक्षय आढळला. गोळी मळमळते म्हणून उशीखाली जाते, मूल काळं होईल म्हणून सासू थांबवते, किंवा गोळी पोटात जाते पण सोबत जेवायला भाजी-डाळ नसते. आशाताई दारोदार जाऊन हे विचारतात, आज काय खाल्लंस म्हणून. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी परळच्या चाळीतही तोच प्रश्न विचारला गेला होता.

गेल्या चैत्रात आमच्या नातसुनेला डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली, अजून काही नसताना. तिने मला विचारलं, आजारी नसताना औषध कशाला? मी तिला आजोळचा तो फोटो काढून दाखवला. आता तिला पाचवा महिना आहे. परवा गौरीच्या जेवणाला पहिलं ताट तिचं वाढलं होतं.